जिभेपत्तूर माझं

तात्यांसारखं थुंकणारा माणूस मी आजवर पाहिला नाही. हे वाचून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. पहिल्या दिवशी मीही मुरडलं होतं. टाक्यांच्या खोलीत ते लाकडी स्टुलावर बसायचे, पेला नाकाशी धरून डोळे मिटायचे, एक घोट तोंडात घेऊन दोन्ही गालांतून फिरवायचे, आणि चार हातांवर ठेवलेल्या स्टीलच्या बादलीत एक सरळ, बारीक धार सोडायचे. ठण्ण! पांढऱ्या मिशीवर थेंब नाही, धोतरावर डाग नाही, फरशीवर शिंतोडा नाही. पंधरा वर्षं त्यांनी वाईन चाखली आणि एकदाही गिळली नाही.

कारण होतं नानी, म्हणजे त्यांची बायको. नानीचे वडील दारूनं गेले होते. लग्न ठरताना तिनं सासरकडच्यांना एकच गोष्ट विचारली होती, नवरा पितो का. तात्यांनी तेव्हा शब्द दिला तो दिला. पुढे नशिबानं वाईनच चाखायचं काम हाती आलं, तेव्हा नवराबायकोनं बसून वाटणी केली. ती तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "जिभेपत्तूर माझं. जिभेखालचं समदं हिचं." आणि नानी तिथं असली की म्हणायची, "व्हय, आन् वरचंबी कवा काडून घीन, पत्ता लागायचा न्हाय."

हा वाईनचा कारखाना नातेपुत्याच्या पलीकडे, उताराच्या माळावर. कारखाना म्हणायला मोठा शब्द आहे. सहा टाक्या, एक पत्र्याची शेड, बाटल्या भरायचं एक यंत्र आणि एक खोली, जिला दारावर 'प्रयोगशाळा' लिहिलं होतं. त्या खोलीसाठी मालकांनी मला नेमलं. मी सोलापूरला राहून बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. हे मी सांगते, कारण सांगण्यासारखं आहे. माझ्या आईला अजून सही करताना पेन कसं धरायचं ते कळत नाही आणि तिच्या मुलीच्या प्रमाणपत्राला चौकट आहे. पण वडील जेऊरला घरी भावकीत सांगायचे, पोरगी रसाच्या कंपनीत हाय. रसाच्या पुढं काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

तात्या मूळचे मेंढपाळ. शिकले नव्हतेच. पूर्वी मालकांच्या रानात ते मेंढ्या बसवायला यायचे. रात्रभर मेंढ्या रानात बसल्या की लेंडीखत आपोआप मिळतं, ही पद्धत आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. एकदा मालकांनी त्यांना द्राक्षाचा घड दिला. तात्यांनी दोन मणी खाल्ले आणि म्हणाले, "ही वळ तुमी बाकीच्यांच्या आदी पाजलीया." मालक चपापले. खरंच त्या ओळीला आधी पाणी सुटलं होतं. मग त्यांनी दुसऱ्या ओळीचा घड दिला, तिसऱ्या ओळीचा दिला. तात्या सांगत गेले. मालकांनी विचारलं, हे कसं कळतं? तर तात्या म्हणाले, "शेरडानं काय खाल्लं ते दुदात कळतंय. बाबळीच्या शेंगा खाल्ल्या तर येगळं, बोरीचा पाला खाल्ला तर येगळं. तसंच की ह्ये." पुढच्या वर्षी मेंढ्या धाकट्या भावाकडे गेल्या आणि तात्या टाक्यांच्या खोलीत आले. घरी दूधचहापुरती चार शेरडं तेवढी राहिली.

मला ते नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. आधी काही दिवस "म्याडम" म्हणाले, पण त्यात आदर कमी आणि चिमटा जास्त होता. मग एक दिवस 'बीएस्सी' म्हणाले आणि तेच चिकटलं. "ये बीएस्सी, तुजी ती टिपूस टिपूस नळी काय म्हनती?"

"आम्लता सहा पॉइंट चार, तात्या."

"मंजी?"

"म्हणजे बेताची आंबट."

"मग बेताची म्हन की! पॉइंटानं कुनाचं तोंड आंबट झालंय व्हय?"

मला राग यायचा. तीन वर्षं हॉस्टेलात एका खोलीत चौघी राहून, डाळीत डाळ शोधत मी जे शिकले होते, त्याला हा माणूस टिपूस टिपूस नळी म्हणत होता. मी एकदा तोडून बोललेही. "तात्या, मी फुकट शिकले नाही." त्यांनी दुपारी माझ्या टेबलावर एक पेला आणून ठेवला आणि म्हणाले, "तुजी नळी सांगती किती हाय. म्या सांगतो कसं हाय. दोगंबी लागतंय. रागावू नगंस." तेव्हापासून आमचं जमलं.

दर गुरुवारी सकाळी, भाकरी खायच्या आधी, आम्ही बाहेरच्या वाईन चाखायचो. मालकांचं म्हणणं, आपली बाटली पाचशेच्या आत विकायची तर पाचशेच्या आतल्या बाकीच्या कशा आहेत ते कळलं पाहिजे. म्हणून ते फिरतीवरून बाटल्या आणायचे. नाशिककडच्या, सांगलीकडच्या, विजापूरच्या, बंगळूरच्या बाजूच्या, गोव्याच्या गोड. तात्या त्या बाटल्यांना जुन्या घोंगडीचे तुकडे गुंडाळून ठेवायला लावायचे. मी म्हटलं, "तुम्हाला लेबल वाचता येत नाही, मग झाकायचं कशाला?" तर म्हणाले, "वाचता येत न्हाय, पर चित्र दिसतंय की. घोड्याचं चित्र बगितलं की जीब आपुआप पळाया लागती."

मालकांना शंभरपैकी गुण हवे असायचे. तात्यांना शंभर कळायचे, पण पटायचे नाहीत. त्यांच्या पायऱ्या चारच होत्या. मोरीची, पाहुण्याची, व्याह्याची आणि घरची. मोरीची म्हणजे ओतून द्यायची. पाहुण्याची म्हणजे दिसायला छान, एकदा वाढावी आणि मोकळं व्हावं. व्याह्याची म्हणजे नाव ठेवायला जागा नाही, पण आपण जरा सावरूनच बसतो. आणि घरची म्हणजे जिच्यापुढं सावरून बसावं लागत नाही. शेंगाचटणी, कडक भाकरी, वांग्याचं कालवण, कशाबरोबरही चालेल आणि उद्याही हवीशी वाटेल अशी. वर्षात चारपाच बाटल्यांनाच ते घरची म्हणायचे. आणि महाग बाटलीला तर कधीच नाही. "पैका बगून आपन सावरून बसतोच की," म्हणायचे.

विजापूरच्या लालला म्हणाले होते, "ही आपल्याच उनातली. नुसती बोलती कानडी." घरची मिळाली तिला. गोव्याच्या गोडला म्हणाले, "द्राक्षं पाकात बुडून मेली." मोरी. एकदा मालकांच्या मेहुण्यांनी परदेशातली स्वस्तातली एक बाटली आणली, चिली नावाच्या देशातली. सगळे टकामका बघत उभे. तात्यांनी फिरवली, मग थुंकले. "चांगल्या घरची हाय. पर लई लांबनं आलीया. दमलीया." त्या बाटलीला पाहुण्याची मिळाली, आणि मेहुण्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मी हे सगळं वहीत लिहायची आणि मालकांसाठी खाली गुण घालायची. घरची म्हणजे पंच्याऐंशी. मोरी म्हणजे चाळीस. मालकांना वही आवडायची.

वास घ्यायला तात्यांनीच मला शिकवलं. कॉलेजात वासाचा तास नव्हता. मी पेला हुंगायची आणि म्हणायची, छान येतोय. "छान हे काय वासाचं नाव हाय व्हय?" ते म्हणायचे, "नाव हुडकू नगं. ह्यो वास आदी कुटं भेटला व्हता ते आटव. गाव आटवलं की नाव येतंय." बरेच दिवस काही आठवलं नाही. मग एका लाल वाईनमध्ये नाक घातलं आणि मला माझी पत्र्याची पेटी दिसली. सोलापूरला हॉस्टेलात जाताना आईनं कपड्यांच्या घडीत चार लवंगा टाकल्या होत्या, कसर लागू नये म्हणून. पहिली रात्र मी त्या पेटीत तोंड घालून रडले होते. "लवंग," मी म्हटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. तात्यांनी पेला हातात घेऊन हुंगला. "हाय. लवंगच हाय. लिही." मग बादली माझ्याकडं सरकवून म्हणाले, "आता थुकाया शीक. रडत रडत गिळशील, आन् तुजा बाप मला धरील."

थुंकायला शिकायला मला दोन महिने लागले. पांढरा कोट तिसऱ्यांदा धुवायला टाकला तेव्हा तात्या म्हणाले, "पंचीस पेपर दिलेस म्हनतीस, त्यात ह्यो इषय न्हवता का?"

त्यांची एक शिस्त होती. चाखायच्या पाच बाटल्यांत एक खराब झालेली मुद्दाम ठेवायची. तिला ते खोडीची बाटली म्हणायचे. "रोज चाकनाऱ्याची जीब निवांत व्हती. जागी हाय का झोपलीया ते कळाया नगं?" खोडीची कुठली हे फक्त वाढणाऱ्याला, म्हणजे मला माहीत असायचं. तात्यांनी ती कधी चुकवली नाही. नुसता पेला नाकाजवळ नेला की मान फिरवायचे. "ही न्हे मोरीत. आन् पेला दोनदा धू."

टाळेबंदीच्या वर्षी, त्या आजाराच्या साथीत, दिवाळीच्या तोंडावर तात्यांना ताप आला. तीन आठवडे ते घरीच होते. परत आले ते वाळून. पण काम पूर्वीसारखंच सुरू केलं. फक्त दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे मला म्हणाले, "आता वाडायच्या आदी परत्येक बाटलीचा वास तू घेत जा. शिकायला पायजे तुला." आणि दुसरी म्हणजे माझं स्टूल त्यांनी खिडकीसमोर, स्वतःच्या अगदी पुढ्यात ओढून घेतलं. "हितं उजेडात बस. लिवायला दिसतंय." मला बरं वाटलं. मी वास घ्यायची, पेला त्यांना द्यायची, ते माझ्याकडं बघत बघत घोट फिरवायचे. मला वाटायचं, माया वाढली आहे म्हाताऱ्याची.

उन्हाळ्यात लाल वाईनच्या दोन टाक्या तयार झाल्या. त्यातली कुठली आपल्या स्वस्त बाटलीत भरायची हे शुक्रवारी ठरायचं होतं. त्या एका निवडीवर कारखान्याचं वर्ष अवलंबून असायचं आणि निवड असायची तात्यांची. त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी, नेहमीसारख्या पाच बाटल्या मांडल्या होत्या. खोडीची म्हणून मी एक बूच कुजलेली बाटली घेतली होती. बुचाला बुरशी लागली की आतल्या वाईनला ओल्या गोणपाटाचा वास येतो. लांबूनही कळावं इतका. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी आलं की बाकी सगळं बाजूला. मी पाचही पेले भरून तात्यांपुढं ठेवले आणि मागं जाऊन, पाठ करून, प्रयोगशाळेतल्या काचा धुवायला लागले.

"बीएस्सी, हितं ये की."

"पाणी जाईल तात्या. तुम्ही सांगा, मी ऐकतेय."

"काचा काय पळून जानार हायती व्हय?"

"पाणी जाणार आहे!"

मागं बराच वेळ शांतता. मग बादलीत ठण्ण आवाज. "पयली पावन्याची." ठण्ण. "दुसरी व्याह्याची."  तिसरा पेला गोणपाटाचा होता. तात्या 'मोरीत' म्हणतील याची मी वाट बघत होते.

ठण्ण.

"घरची," तात्या म्हणाले.

माझ्या हातातली काच मोरीत पडली. फुटली नाही. मी वळले. तात्यांनी माझा चेहरा पाहिला आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी तिसरा पेला उचलून पुन्हा नाकाशी धरला. डोळे मिटले. खूप वेळ धरला. मग खाली ठेवला.

"कसला वास हाय?"

"ओल्या गोणपाटाचा."

"लई हाय?"

"लई आहे, तात्या."

ते मिशीवरून हात फिरवत बसले. "दिवाळीच्या तापात गेलं," म्हणाले. "आंबट कळतंय, कडू कळतंय. त्याच्या म्होरं निस्ता अंदार. नानीनं वळकलं. डाळ करपली आन् म्या गुमान खाल्ली, तवाच तिनं वळकलं."

"मग सहा महिने तुम्ही कसं सांगत होता?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं बोट केलं. "तूच सांगत व्हतीस. वास घेतलास की तुज्या तोंडावर समदं उमटतंय. भुवई वर गेली की व्याह्याची. नाक बारीक झालं की मोरी. आन् घरची असली की तू काईच करीत न्हाईस. निस्ती निवांत बसतीस. म्या निस्तं वाचायचं काम केलं. अक्षर येत न्हाय, पर तोंड वाचाया येतंय."

मला आधी काळजी वाटली ती त्यांचीच. नाक गेलं हे मालकांना कळलं तर तात्यांचं तिथं काय उरलं? पडलेल्या आवाजात मी म्हटलं, "तात्या, मी कुणाला सांगत नाही. उद्याही मी पुढ्यातच बसते. तुम्ही बघा आणि सांगा. चाललंय तसं चालू दे." मनापासून म्हटलं. आजही मला त्याची लाज वाटत नाही.

तात्या उभे राहिले. मला वाटलं रागावले. "आजपत्तूर चाललं, कारन तुला ठावं न्हवतं," ते म्हणाले. "आता तुला ठावं झालं. आता मेंढरं तू राकनार आन् काटी म्या धरून मिरवायचं? न्हाय जमायचं, पोरी." पोरी म्हणाले. पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी मालक आले. दोन टाक्यांचे दोन पेले टेबलावर होते. तात्या स्टुलावर बसलेच नाहीत. "मालक, माजं नाक गेलं," उभ्याउभ्या म्हणाले. मालक हसले, त्यांना थट्टा वाटली. तात्यांनी दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. "तुमाला फसावलं म्या. काय बोलायचं ते बोला. पर निवड हिला करू द्या."

मालकांचं हसू गेलं.  मग म्हणाले, "तात्या, पोरगी येऊन दोन वर्षं झालीत. सगळं वर्ष आहे ह्यात."

"सा म्हयनं झालं हिच्याच नाकावर चाललंय की तुमचं. तुमीच म्हनत व्हता, वही लई ब्येस उतरतीया यंदा. म्हनला का न्हाय?"

म्हणाले होते. माझ्यासमोरच म्हणाले होते.

मालकांनी पेले माझ्याकडं सरकवले. तात्या मुद्दाम दाराबाहेर जाऊन उभे राहिले, माझ्याकडं पाठ करून, मी त्यांच्या तोंडाकडं बघू नये म्हणून. मी पहिला पेला हुंगला. चांगला होता, रुबाबदार, जरा सावरून बसायला लावणारा. दुसऱ्यात तव्यावरच्या ज्वारीचा वास होता, मागं जांभूळ, आणि कुठंतरी खोल माझी पत्र्याची पेटी. मी चाखली, थुंकले. ठण्ण आवाज आला. माझा पहिला स्वच्छ ठण्ण. "दुसरी टाकी," मी म्हटलं. "घरची." आणि शब्द फिरवला नाही.

दुसरी टाकी भरली. ती बाटली कशी गेली हे मी सांगत बसत नाही. मी अजून त्याच खोलीत आहे, आता त्या स्टुलावर मी बसते, एवढं पुरे. वडिलांनाही मी त्याच वर्षी सांगितलं, रसाची नाही, वाईनची कंपनी म्हणा, आणि तुमची मुलगी तिथं चाखते आणि थुंकते हेही सांगा. वडील म्हणाले, "थुकती हे आदी सांगतो."

तात्यांनी त्या महिन्याअखेर काम सोडलं. मालक राहा म्हणत होते, बागेकडं बघा म्हणत होते. ते म्हणाले, शेरडं हायती. निरोपाच्या दिवशी नानीही आली होती. मालकांनी सगळ्यांना पेले दिले. नानी एकदम म्हणाली, "आता एक घोट गिळा. म्या मोकळं केलं तुमाला." सगळे हसले. तात्यांनी पेल्याकडं पाहिलं. "कळत व्हतं तवा गिळलं न्हाय," म्हणाले, "आता निस्तं पोटात वतून काय करू?" आणि सवयीनं तोंडात घोट घेऊन, बादलीत शेवटची धार सोडली. नानीनं पदर डोळ्यांना लावला. बाकीचे बादलीकडं बघत राहिले.

तात्या वारले, त्याला आता दोन हिवाळे झाले. त्यांची माझी शेवटची भेट त्यांच्या वस्तीवर झाली. मी बाटली घेऊन गेले नव्हते, केळी घेऊन गेले होते. तात्या बाजेवर टेकून बसले होते. नानीनं शेळीच्या दुधाचा चहा केला. मी म्हटलं, "नानी, आधी नुसतं दूध दे थोडं." तिनं वाटीत दिलं, अजून कोमट होतं. मी वाटी नाकाशी धरली आणि डोळे मिटले. नाव शोधलं नाही. गाव आठवत राहिले. जेऊरचा ओढा, दुपार, आई काठीनं फांद्या झोडपते आहे, खाली शेंगांचा सडा, शेळ्या तुटून पडल्या आहेत.

डोळे उघडले तर तात्या बाजेवरून पुढं वाकून माझा चेहरा बघत होते. अगदी खिडकीसमोर बसवून बघायचे तसे. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

"कळलं बग हिला," ते नानीला म्हणाले आणि निवांत मागं टेकले.

"आन् काय हाय ते?" नानीनं मला विचारलं.

"बाभळीच्या शेंगा," मी म्हटलं.

"व्हय," नानी म्हणाली. "सकाळधरनं वढ्यालाच व्हती शेरडं."